लळिंगच्या कुरणात छत्री

पाऊस नव्हता. ऊनही अजून कोवळंच.
तरी मी छत्री उघडून बसलेलो,
जमिनीला टेकवून, आडवी,
वाऱ्याच्या तोंडावर.

धुळ्याचा वारा. तो भादव्यातही ऐकत नाही.
आणि अहिरराव सर गवतात पालथे,
कॅमेऱ्याला भिंग उलटं बसवलेलं.
त्यासाठीची पितळी कडी
मीच कातून आणली होती आग्रा रोडच्या लेथवाल्याकडून,
लॅबच्या किरकोळ खर्चात दाखवून.

समोर विष्णुक्रांता,
सदऱ्याच्या बटणाहून लहान.
सकाळी उघडते, दुपारी मिटून घेते,
मधल्या वेळात जे काय करायचं ते करा.

स्लाइडचा रोल. छत्तीस.
निगेटिव्ह माफ करते, सर म्हणायचे,
स्लाइड माफ करत नाही.
अर्धा स्टॉप चुकला की पाकळी पांढरी राख,
नाहीतर काजळ.
म्हणून चहाच्या पेटीतली चंदेरी पन्नी
मी दुसऱ्या हातात धरायची,
उजेड देठाखाली सोडायचा
आणि श्वास सोडायचा नाही.
मी तेव्हा बिड्या ओढायचो.
माझ्या दमात पाच फोटो बसायचे,
सरांच्या दमात दोन.

पस्तीस झाले.
मागून बकऱ्यांच्या घंटा, आणि एक बाई.
धनकोर तिचं नाव, हे नंतर कळलं.
तिनं सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"पानी नही, ऊन नही, छत्री कोनले?"
"फूलले," मी म्हणालो.
ती हसली. "त्याले ते बकरी भी तोंड लावस नही."

मग छत्रीला वळसा घालून ती उकिडवी बसली
आणि अंगठा नि बोट पुढं करून
देठ धरला,
सुईत दोरा ओवताना दोऱ्याचं टोक धरावं तसा.

फूल थांबलं.
सकाळपासून पहिल्यांदा.

"हात काढा हो बाई," सर म्हणाले,
पण त्याआधीच खटका दाबला गेला होता.
पुढं कळ फिरेना. रोल संपला.

रजिस्टर पार्सल मुंबईला गेलं,
बाविसाव्या दिवशी परत आलं.
खिडकीला धरून एकेक पाहिली.
निळं निळं आलंच नव्हतं,
सगळं गुलाबटाकडे झुकलेलं.
सरांनी लॅबला खरमरीत पत्र लिहिलं.
उत्तर आलं: फिल्म निर्दोष आहे,
कृपया फूल तपासावे.
ते पत्र सर दर वर्षी एस.वाय.च्या वर्गात वाचायचे,
आणि दर वर्षी सर्वांत मोठ्यानं स्वतःच हसायचे.

छत्तिसाव्या स्लाइडच्या पुठ्ठ्यावर
लाल पेन्सिलीनं: बोट आले. रद्द.
ती बुटांच्या खोक्यात गेली, बाकीच्या चुकांसोबत.

प्रोजेक्टर मी चालवायचो.
खोली अंधारी करायची, पंखा घरघरायचा,
भिंतीवर दाराएवढी विष्णुक्रांता.
एकदा पिंपळनेरची एक मुलगी म्हणाली,
सर, एवढं मोठं झाड असतं का हे?
पस्तीस स्लाइड पाहूनही
त्या मुलीला उत्तर देता येईना.

पुढच्या वर्षी ट्रेमध्ये ती रद्द स्लाइड
मी घातली. चुकून, असं मी सांगितलं.

भिंतीवर अंगठा आला.
नखाला उभी चीर, चिरेत माती,
पाल्याचा हिरवा डाग,
आणि नखाच्या निम्म्यात मावेल एवढं फूल.
वर्गात कुणी काही विचारलं नाही.
सरही "पुढची" म्हणाले नाहीत.

स्लाइड दिव्यासमोर फार वेळ राहिली
की तापून फुगते, चित्र जागचं सरकतं.
तसं ते फूल भिंतीवर
किंचित हललं.

माझा हात अंधारात
छत्री शोधत गेला.